पाटण येथील चांगदेवाच्या मठाची व्यवस्था

खानदेशांत चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस, सातमाळ्याच्या पायथ्याशीं, पाटणें नांवाचें जें ओसाड स्थळ आहे तेथील भवानीच्या देवळांतला शिलालेख अभ्यासकांस अपरिचित नाहीं. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो प्रथम उजेडांत आणिला, पुढें प्रो. कीलहॉर्न यांनीं 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडांत (१८९२) त्याचें शुद्ध वाचन प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून या लेखाकडे मुख्यतः दोन प्रकारचे वाचक वळत आले आहेत. ज्योतिषाच्या इतिहासकारांनीं त्यांतील भास्कराचार्यांची वंशावळ उचलली आणि भाषेच्या अभ्यासकांनीं शेवटच्या ओळींतील जुनी मराठी उचलली. परंतु ज्या संस्थेकरितां हा दगड कोरला गेला तिचा कारभार कसा चालावा असें ठरलें होतें, हा प्रश्न बाजूस पडला. आम्हांस त्याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

वंशावळीचें कारण थोडक्यांत सांगतों. शके १०३६ मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर. त्यास यादव जैत्रपालानें या नगरांतून बोलावून नेऊन आपल्या पंडितांत अग्रमान दिला. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांच्या शास्त्राचा प्रसार व्हावा म्हणून त्यानें मठ स्थापिला, आणि सिद्धांतशिरोमणि आदिकरून भास्कराचार्यांचे, तसेच त्यांच्या वंशजांनीं रचिलेले ग्रंथ या मठांत अवश्य शिकवावे, असें ठरविलें. यादवांचे मांडलिक जे निकुंभ, त्यांच्यापैकीं सोइदेवानें मठास भूमि इत्यादि दान दिलें; त्याच्या मागून त्याचा धाकटा भाऊ हेमाडि व इतर यांनींही कांहीं दिलें.

दानाचा काळ लेखांत शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण असा आहे. प्रभव संवत्सर शके ११२९ ला पडतो, म्हणून शकाच्या आंकड्यांत एका वर्षाची चूक मानून कीलहॉर्न यांनीं ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख काढिली. त्या रात्रीं चंद्रग्रहण होतें हें गणितानेंही जुळतें. ज्योतिषांच्या मठाच्या लेखांतच शकाचा आंकडा चुकावा ही मौज आहे. पण लेखांत सोइदेवाच्या पश्चात् हेमाडि राज्यावर आहे, तेव्हां दानाचा दिवस व दगड कोरल्याचा दिवस एक नव्हे, आणि चूक मागाहून लिहिणाराची असावी, असें आम्ही समजतों.

आतां मुख्य भाग. संस्कृत श्लोक संपले कीं लेख एकदम मराठींत उतरतो, व तो उतरतो तो थेट बाजारांत. पाटणच्या पेठेंत जो माल उघडला जाईल त्यावर ग्राहकांकडून राउळास, म्हणजे राजास, जें उत्पन्न येई तें मठास दिलें. विकणारांकडून ब्राह्मणांस मिळणारें ब्रह्मोत्तर ब्राह्मणांनीं दिलें. ग्राहकांपासून दामाचा विसोवा नगरानें दिला. शिवाय ग्राहकांकडून पांच पोफळी. पहिल्या घाण्याची लोटी. आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागें पळी पळी तेल. यापुढची तरतूद आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटते. गांवांत जें मापावयाचें तें मठाच्या मापानें मापावें, व मापणावळ अर्धी मठास, अर्धी मापाऱ्यांस.

या कलमांकडे केवळ शब्दकोशाच्या दृष्टीनें पाहिलें तर केणें, दाम, लोटी एवढेंच हातीं लागतें. जमाखर्चाच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे एक पुरती योजना दिसते. देणारे तीन आहेत, राजा, ब्राह्मण व नगर. आणि तिघांनींही नवीन कर न बसवितां बहुतांशीं आपलाच हक्क सोडिला आहे. उत्पन्न एका मोठ्या देणगींत न ठेवितां अनेक बारीक ओघांत वाटलें आहे, तेव्हां एखाद्या वर्षीं शेत बुडालें तरी घाणा चालतो, घाणा थांबला तरी पेठ असते. तेल हें पैशांत न मागतां तेलच मागितलें. अध्ययनशाळेस दिवा लागतो हें ठरविणारास ठाऊक होतें. आणि मापाऱ्यास अर्धा वांटा दिल्यामुळें वसुली करणाराचा स्वार्थ मठाच्या हिताशीं बांधला गेला. गांवाचें माप विद्यार्थ्यांच्या मठाच्या स्वाधीन असावें, यापरतें विश्वासाचें दुसरें चिन्ह कोणतें?

उणीवही सांगितली पाहिजे. कांहीं उत्साही लेखक या मठास विद्यापीठ म्हणतात, तें आम्हांस मान्य नाहीं. ही एक लहान पाठशाळा होती, आणि तिचा पाठ्यक्रम संस्थापकानें आपल्या कुळाच्या ग्रंथांशीं बांधून टाकिला होता. भावी राजांनीं दान पाळावें अशी प्रार्थना लेखांत आहे. पण चांगदेवानंतर मठ कोणी चालवावा, हिशेब कोणी पाहावा, याविषयीं अक्षर नाहीं. उत्पन्नाची इतकी दक्षता आणि अधिकाराविषयीं मौन, हें विलक्षण होय. शके ११४४ चा बहाळचा लेख याच कुळांतील अनंतदेवाचा आहे, पण त्याचा विषय देवालय.

आज परिस्थिति उलट आहे. अमळनेरचें प्रताप व जळगांवचें मूळजी जेठा हीं महाविद्यालयें १९४५ सालीं निघालीं तीं दात्यांचीं नांवें घेऊन. आणि २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाच्या ९७ व्या कलमानें प्रत्येक संलग्न महाविद्यालयास विकास समिति लागते. तींत व्यवस्थापन, प्राचार्य, निवडलेले अध्यापक, सेवक, स्थानिक सभासद व विद्यार्थी असून, वर्षांतून निदान चार बैठका आणि सर्वंकष विकासाचा आराखडा हीं तिचीं कामें. अशा एका समितींत आम्ही कांहीं काळ स्थानिक सभासद होतों. अधिकार कोणाचा हें तेथें कलमवार लिहिलेलें होतें. परंतु आराखडा वाचतां वाचतां आम्हीं विचारलें कीं, ग्रंथालयाच्या दिव्यांचा खर्च कोठून यावयाचा? त्यास उत्तर आलें नाहीं, व पुढचा विषय घेण्यांत आला.

पोथीसंग्राहकांस एक विनंति आहे. खानदेशांतील घराण्यांत लीलावतीच्या व सिद्धांतशिरोमणीच्या पोथ्या असण्याचा संभव आहे. त्यांच्या समाप्तिलेखांत पाटण हें स्थळ, चांगदेवाचें नांव किंवा मठाचा उल्लेख आढळल्यास त्या पानाची प्रत करून, पोथीचा शक व लेखकाचें नांव यांसह मंडळाकडे पाठवावी. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळाच्या व समर्थ वाग्देवता मंदिराच्या संग्रहांतही या दृष्टीनें शोध व्हावयास हवा. पोथी देण्याची आवश्यकता नाहीं. शेवटचें पान पुरे.