शाळेची पाटी आणि भांगेची पाटी

धार आणि देवास ही गावे मराठी माणसाला पवारांमुळे जवळची. अठराव्या शतकात पेशव्यांच्या फौजांबरोबर माळव्यात उतरलेल्या या घराण्याने धारला गादी स्थापली. देवासला तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या वंशजांची, थोरल्या पातीची आणि धाकट्या पातीची अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात गेली आणि १९५६ साली मध्यभारत मध्यप्रदेशात आला. मागे राहिलेली मराठी कुटुंबे आजही घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी बोलतात. दोन्ही भाषांची लिपी एक, त्यामुळे आमची मुले अक्षरओळख होताच रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचू लागतात. त्यांतल्याच एका पाटीविषयी येथे लिहावयाचे आहे : ‘शासकीय भांग की दुकान’.

ही पाटी कशी आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. माळव्याच्या काळ्या जमिनीत एकेकाळी अफू हे मोठे पीक होते. बंगालमधील अफूची मक्तेदारी कंपनी सरकारने १७७३ पासूनच आपल्या हाती घेतली होती. माळव्याची अफू मात्र संस्थानांच्या मुलखात पिके. ती स्वतःच खरेदी करण्याचे कंपनीचे प्रयत्न फसले, तेव्हा १८३० च्या सुमारास मुंबई बंदराकडे जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर पासाचे शुल्क बसविण्यात आले. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची वाट इंग्रजांच्या हाती आली आणि हे शुल्क वाढत गेले. पुढे चीनशी झालेल्या १९०७ च्या करारामुळे निर्यात घटत गेली आणि १९१३ मध्ये चीनकडे जाणारी अफू थांबली. या साऱ्या काळात राज्यकर्त्यांनी पेट्या मोजल्या, वजने केली, शुल्क वसूल केले. नशा ही दफ्तरात जमेच्या बाजूला लिहिण्याची गोष्ट आहे, ही सवय माळव्याला तेव्हापासूनची आहे.

भांग-गांजाची कथा थोडी निराळी. १८९३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटात हिंदुस्थानातील गांजाविषयी प्रश्न निघाला आणि सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचे कमिशन नेमले. त्यांत तिघे हिंदी सभासद होते. कमिशनने ११९३ साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. त्या वेळी मध्यप्रांतातील गांजाची लागवड आमच्या शेजारच्या निमाडात, खांडव्याच्या परिसरात होत असे, तर मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा त्यासाठी प्रसिद्ध होता. बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, पूर्ण बंदी करू नये; कर बसवावा, लागवडीवर आणि दुकानांच्या संख्येवर नियंत्रण ठेवावे, असा अहवालाचा निष्कर्ष होता. भांगेचा शंकराशी जोडलेला धार्मिक संबंधही कमिशनने विचारात घेतला होता.

अहवाल त्या काळाच्या मानाने कसून केलेला आहे, यात शंका नाही. तथापि त्याच्यासमोरचा माणूस प्रौढ होता : साधू, मजूर, पहिलवान, शेतकरी. दुकानासमोरून रोज शाळेत जाणारा मुलगा हा त्याचा प्रश्नच नव्हता. स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही तो प्रश्न पुरता हाती घेतला नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात झाडाचे शेंडे आणि त्यांची राळ बंधनाखाली आली, नुसती पाने व्याख्येबाहेर राहिली. आपला अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा याच वाटेने गेला. गांजा आणि चरस गुन्हा ठरले. पानांची भांग राज्यांच्या अबकारी खात्याकडे राहिली. म्हणून महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून भांग बाळगणे गुन्हा ठरते, आणि सातपुडा व नर्मदा ओलांडून इकडे आलेल्या पाहुण्याला तीच भांग पाटी लावून विकली जाताना दिसते. एकाच कुटुंबातल्या जळगावच्या आणि देवासच्या मावसभावंडांना सरकारने दिलेले हे दोन वेगळे धडे आहेत.

नववीच्या वर्गात व्यसनांविषयी बोलत असताना एका मुलाने मला विचारले, “सर, शाळाही शासकीय आणि ते दुकानही शासकीय, मग एक चांगले आणि एक वाईट कसे?” मुलगा वात्रट नव्हता. त्याने दोन पाट्या वाचल्या होत्या आणि दोहोंवर त्याला एकच शब्द आढळला होता. दुकान ठेकेदाराचे असते, सरकारचा असतो तो फक्त परवाना, हे मी त्याला सांगितले. परंतु पाटीवर तसे लिहिलेले नसते. ठेकेदाराने हजारो रुपये खर्चून रंगीत फलक लावले असते तरी ‘शासकीय’ या एका शब्दाएवढा भरवसा त्याला विकत मिळाला नसता.

जाहिरात म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्र आणि दूरदर्शन येते. तेथे कायदा बराच जागा आहे. १९९४ च्या केबल नियमांत दारू, तंबाखू यांच्याबरोबर इतर मादक पदार्थांच्या जाहिरातींनाही मनाई आहे. तंबाखूच्या २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री बंद केली. पण तो कायदा तंबाखूपुरता. भांगेचे नाव त्यात नाही. शिवाय पानाच्या टपरीवर ‘मुनक्का’ नावाच्या गोळ्या मिळतात. भांग घातलेली ही गोळी आयुर्वेदिक औषध म्हणून विकली जाते. अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापण्याचा नियम आहे. मात्र चॉकलेट-गोळ्यांच्या बरण्यांशेजारी टांगलेल्या चकचकीत पुडीवर मुलाची नजर प्रथम जाते ती रंगाकडे आणि चित्राकडे. बारीक अक्षरातली सूचना कोण वाचतो?

परदेशातील अनुभवही पाहण्याजोगा आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात २०१४ च्या जानेवारीपासून गांजाची दुकाने उघडली. विक्री एकवीस वर्षांवरील व्यक्तीलाच, आणि ज्या माध्यमाच्या प्रेक्षकांत एकवीस वर्षांखालील मुले ठराविक प्रमाणाहून अधिक असतील तेथे जाहिरात नाही, असे नियम झाले. वॉशिंग्टन राज्याने शाळेपासून हजार फुटांच्या आत जाहिरातीस मनाई केली. तरीही, अशा राज्यांतील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दहांपैकी नऊहून अधिक मुलांनी ही जाहिरात कोठे ना कोठे पाहिल्याचे आढळले. शाळेभोवती आखलेली रेघ मोबाइलच्या पडद्याला अडवू शकली नाही. कॅनडाने २०१८ साली विक्री खुली करताना साधे, चित्रविरहित वेष्टन आणि ठळक इशारा सक्तीचा केला. विक्रीची मोकळीक आणि जाहिरातीची मोकळीक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यामागचे तत्त्व.

आमच्याकडे हा भेद कोणी केलाच नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या देशव्यापी पाहणीत वर्षभरात भांग घेणाऱ्यांची संख्या सुमारे सव्वादोन कोटी आढळली होती. महाशिवरात्रीला आणि होळीला घोटली जाणारी भांग बंद करा, असे माझे म्हणणे नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ बंदीचा प्रश्न या देशाने वेगवेगळ्या तऱ्हेने सोडविला आहे. पण मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते आणि कोवळ्या वयातली नशा स्मरणाला व अवधानाला बाधते, हे आज वैद्यकाला ठाऊक आहे. १८९४ च्या कमिशनपाशी हे ज्ञान नव्हते. आपल्यापाशी आहे.

म्हणून मागणी लहानशी आहे. दुकानाच्या पाटीवरून ‘शासकीय’ शब्द उतरवावा आणि तेथे ‘परवानाधारक’ लिहावे. पाटीवर आणि पुडीवर देवाचे चित्र नसावे. इशारा पुडीच्या दर्शनी बाजूस, मोठ्या अक्षरांत असावा. तंबाखूसाठी शाळेभोवती आखलेली शंभर यार्डांची रेघ भांगेलाही लागू व्हावी. यांतल्या एकाही गोष्टीने सरकारच्या तिजोरीला मोठी तोशीस पडणार नाही.

घरातल्यांनीही एवढे करावे. मूल पाटी मोठ्याने वाचू लागले की आपण त्याला घाईने पुढे ओढतो. तसे न करता तिचा अर्थ सांगावा. ठेका म्हणजे काय, परवाना कोणाचा, पैसा कोठे जातो, हे मराठीत, आपल्या घरच्या भाषेत सांगावे. आपण गप्प राहिलो, तर शब्दाचा अर्थ मूल पाटीवरूनच शिकेल.