पाच रुपयांचा पट्टेवाला

शाळा बुडवणारी मुले ही काही केवळ आजची तक्रार नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुण्यातही ती होती आणि त्यावर उपाय शोधणारी माणसेही होती. २४ सप्टेंबर १८७३ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पुरोहिताविना विवाह लावण्याचे समाजाचे कार्य आपल्याला ठाऊक असते. परंतु समाजाच्या पहिल्या काही वर्षांतील एक लहानशी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मुलांनी शाळा चुकवू नये, त्यांना नियमित जाण्याची सवय लागावी, म्हणून समाजाने दरमहा ५ रुपये पगारावर एक पट्टेवाला नेमला होता. जोडीला शिष्यवृत्त्या आणि बक्षिसेही ठेवली होती.

शाळा काढली की काम संपत नाही, हे जोतीरावांना स्वानुभवाने माहीत होते. त्यांचा जन्म १८२७ चा. लहानपणी त्यांची शाळा मध्येच सुटली होती. शिकून मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाही, असे वडिलांच्या, म्हणजे गोविंदरावांच्या, मनात भरवण्यात आले होते, असे चरित्रकार सांगतात. जोतीराव मळ्यात राबू लागले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघा परिचितांनी मुलाची हुशारी हेरली, गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. त्या दोघांनी रदबदली केली नसती, तर १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा कोणी काढली असती?

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. पण ते केवळ सक्तीवर थांबले नाहीत. गरीब आईबापांनी मुले शाळेत धाडावीत म्हणून शिष्यवृत्त्या व सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत, शिक्षक शेतकरी वर्गातून आलेले, त्या मुलांत मिसळणारे असावेत, असेही त्यांनी सुचवले.

पुढे सक्तीचा विचार बळावला. पुण्याचे नामदार गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. दंड पालकाला जाग आणतो. शिष्यवृत्तीने घरची ओढाताण थोडी कमी होते. पण वर्गातून निसटणाऱ्या मुलापर्यंत पोहोचायला माणूसच लागतो. पाच रुपयांच्या पट्टेवाल्याचे महत्त्व ते हेच.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याचे छत्र सहा ते चौदा वर्षांपर्यंतचे आहे. जोतीराव ज्या वयात पुन्हा शाळेत गेले, नेमके तिथे ते संपते. आठवीनंतर घरची कमाई, धाकट्या भावंडांची राखण, नापास होण्याची भीती, मित्रांची संगत अशा कारणांनी मुले हळूहळू गैरहजर राहू लागतात. आधी आठवड्यातून एक दिवस, मग चार दिवस आणि एके दिवशी पटावर नुसते नाव उरते. ‘बालरक्षक’ म्हणून स्वतःहून पुढे येणारे राज्यातील शिक्षक अशा घरांची पायरी चढतात. पुण्यात बांधकामांवरील मजुरांच्या मुलांना शाळेपर्यंत नेणाऱ्या डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्थाही आहेत.

हजेरीपटावरच्या रेघा मोजल्या की मूल गैरहजर आहे, एवढेच कळते. ते का आले नाही, हे विचारायला कुणीतरी त्याच्या दाराशी जावे लागते. शेजारचा मुलगा भर दुपारी नाक्यावर दिसला, तर त्याला दटावण्याआधी आपणही एवढे विचारायला हरकत नाही. मुन्शी आणि लिजिट हे तरी जोतीरावांचे कोण होते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)