बायोचार : पऱ्हाटीपासून मातीसाठी कोळसा
विदर्भात कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाट्या अनेकदा शेतातच पेटविल्या जातात. किडक्या बोंडांतील गुलाबी बोंडअळी त्यात नष्ट होते. परंतु पऱ्हाटीतील बहुतेक कर्बही धुरावाटे हवेत जातो. हीच पऱ्हाटी वाळवून, भट्टीत अपुऱ्या प्राणवायूत, साधारणतः ३५० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाला तापविल्यास सच्छिद्र कोळसा, म्हणजेच बायोचार, मिळतो. अळी तर मरतेच, शिवाय कर्बाचा मोठा भाग मातीत शेकडो वर्षे टिकू शकतो. ॲमेझॉन खोऱ्यातील सुपीक काळ्या मातीत असा प्राचीन कोळसा आढळतो. ताजा बायोचार थेट शेतात टाकणे मात्र योग्य नव्हे. तो सुरुवातीला पिकाचे नत्र अडवून ठेवू शकतो. म्हणून तो आधी शेणखतात मुरवावा. बायोचार बहुधा विम्लधर्मी असल्याने चुनखडीयुक्त जमिनीत त्याची मात्रा माती परीक्षणानंतरच ठरवावी.