निश्चय आणि संगत

मद्यपी मनुष्यानें दारू सोडावयाची ती स्वतःच्या निश्चयाच्या बळावर, कीं चार जणांच्या आधारावर, हा वाद बहुधा नीतिशास्त्राचा समजला जातो. आमच्या मतें तो इतिहासाचाही आहे. आणि त्याचा निकाल लावण्यास ठाणें जिल्ह्याइतकें योग्य क्षेत्र क्वचितच सांपडेल.

शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेले आहेत. येथील रानांत मोह आहे, आणि ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या घरीं मोहाचें फूल हें अन्नही होतें व दारूही. इंग्रज सरकारास या दारूची काळजी वाटूं लागली ती नीतीपेक्षां अबकारी उत्पन्नासाठीं. उरणच्या भट्ट्यांची कर भरलेली दारू खपावी, म्हणून सन १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरच निर्बंध घातले. पुढें सन १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें दारूच निषिद्ध केली. तेव्हां हातभट्टी आडरानांत शिरली. दोन्ही वेळां हुकूम बाहेरचा होता; पिणाऱ्याचें मन कोणीं विचारलें नाहीं.

याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, जो भाग सन २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो तेथें, सन १९२२ च्या आरंभीं निराळीच गोष्ट घडली. देवीच्या रोगापासून रक्षण व्हावें म्हणून कोळी लोकांनीं आरंभिलेला विधि गांवोगांव पसरत उत्तरेस गेला, आणि वर्षअखेर सुरत जिल्ह्यांतील आदिवासींत पोंचला. लोक मांडवांत जमत, आणि अंगांत आलेल्याच्या मुखानें देवी आज्ञा करी: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा. हां हां म्हणतां हजारोंनीं दारू सोडली. डेव्हिड हार्डिमन यांनीं या चळवळीचा इतिहास साक्षेपानें लिहिला आहे. परंतु देवीचा भर ओसरतांच पुष्कळ जण पुन्हां पिऊं लागले. सोडणारे 'वरजेला' व परतलेले 'सरजेला' असे तटच पडले. वेडछीच्या परिसरांत मात्र गांधीमतानुयायी कार्यकर्त्यांनीं सूतकताईचें काम चालविलें. त्यामुळें लोकांस वारंवार एकत्र येण्यास निमित्त मिळालें. यावरून दिसतें कीं, जमाव व्रत देतो, पण तें टिकवावयास नित्याची बैठक लागते.

हेंच सत्य सन १९३५ मध्यें अमेरिकेंतील अक्रन शहरीं दोन माणसांस गंवसलें. बिल विल्सन या दलालानें दारू सोडून कांहीं महिने झाले होते. परगांवीं एकटा असतां त्याचा निश्चय डळमळला, आणि पिण्याऐवजीं त्यानें दुसऱ्या एखाद्या मद्यप्याचा शोध आरंभिला. भेटले ते डॉ. बॉब स्मिथ. हे एका धार्मिक मंडळींत दोन वर्षांहून अधिक काळ जात होते, तरी पीतच होते. एकाजवळ निश्चय होता, संगत नव्हती. दुसऱ्याजवळ मंडळी होती, पण त्याच्यासारखा पोळलेला त्यांत कोणी नव्हता. या भेटींतून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' ही संस्था जन्मली. तिच्या सभासदत्वाची अट एकच, ती दारू सोडण्याची इच्छा.

शहापूर-मुरबाडकडील माळकऱ्यास या गोष्टीचें नवल वाटूं नये. माळ ज्याची त्यानेंच घालावयाची असते. ती दुसऱ्याच्या आग्रहानें टिकत नाहीं. परंतु ती चारचौघांस दिसते, आणि एकादशीचें भजन, सप्ताह, वारी यांच्या निमित्तानें वर्षभर तिची आठवण राहते. आम्हीही तरुणपणीं केवळ इच्छाशक्तीचेच उपासक होतों. पडणाऱ्यास दुर्बळ म्हणून मोकळे होत असूं. त्या म्हणण्यांत आमचा अहंकारच अधिक होता, हें आतां उमजतें.

तथापि संगतीचीही एक कसोटी आहे. माळ मोडून पुन्हां प्यालेला मनुष्य खालीं मान घालून भजनाच्या दाराशीं येतो, तेव्हां मंडळी त्याला उठवून लावते कीं सरकून जागा देते? उठविलेल्यास भट्टीची वाट ठाऊकच असते, आणि तेथें त्याला जागा नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. निश्चय ज्याचा त्यानें आणावा. जागा ठेवणें हें मात्र आपलें काम आहे.