लिस्बनहून निघालेली पेटी

‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांना आपण ग्रंथकार म्हणून ओळखतो. परंतु गोव्याच्या भूमीवर त्यांनी पहिले पाऊल ठेवले ते विद्यार्थी म्हणून, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. जन्माने इंग्रज असलेला हा तरुण १५७५ साली रोम येथे येशू संघात दाखल झाला आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजात बसला. तेव्हा त्याचे ईशज्ञानाचे अध्ययन पुरे व्हायचे होते. ते गोव्यात पुरे झाले आणि १५८० साली त्याला तेथेच गुरुदीक्षा मिळाली. आज आपली मुले शिक्षणासाठी परदेशी निघाली म्हणजे घराघरांत सामानाची जी चर्चा चालते, ती त्या काळी कशी झाली असेल?

मिशनऱ्यांचा प्रवासखर्च पोर्तुगालचा राजा करीत असे. तरीही पेटी ज्याची त्यालाच भरावी लागे. १५८३ साली याच मार्गाने गोव्याला आलेल्या लिन्सखोटेन या डच लेखनिकाने जहाजावरील शिध्याचा तपशील नोंदवून ठेवला आहे. दर माणशी दररोज पावणेदोन पौंड बिस्किट, मोजके पाणी, थोडा द्राक्षारस आणि महिन्याला बत्तीस पौंड खारवलेले मांस मिळे. बिस्किट म्हणजे आपण चहात बुडवतो ते नव्हे. दोनदा भाजलेला, दगडासारखा कडक पाव. कांदा-लसूण सुरुवातीचे काही दिवस पुरे. साखर, मध, मनुका, तांदूळ हे आजाऱ्यांसाठी राखून ठेवलेले असे. पण त्यांच्याही वाट्याला ते फारसे येत नसे. आणि अन्न शिजवायचे तर भांडी आणि सरपण ज्याचे त्याने आणायचे! म्हणजे पुस्तकांच्या शेजारी पातेलेही हवेच.

कपड्यांचे गणित अधिक अवघड होते. निघायचे उष्ण देशाकडे, पण वाट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाणारी. स्टीफन्स यांचे जहाज केप ऑफ गुड होपपाशी पोहोचले ते जुलैच्या अखेरीस, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात. संत फ्रान्सिस झेवियर १५४१ साली निघाले, तेव्हा राजाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना भरपूर सामान देऊ केले होते. त्यांनी घेतली काही पुस्तके आणि केपच्या थंडीसाठी जाडेभरडे वस्त्र, एवढेच. संतांचा साधेपणा आपण नेहमी वर्णितो. मला मात्र त्यातील व्यवहारज्ञानही तितकेच मोलाचे वाटते.

गोव्यास पोहोचल्यावर १० नोव्हेंबर १५७९ रोजी स्टीफन्स यांनी आपल्या वडिलांना लिहिलेले पत्र सुदैवाने उपलब्ध आहे. विषुववृत्ताजवळ वारा पडला, उकाडा असह्य झाला, आणि तेथला पाऊस असा की साठलेल्या पाण्यात आणि टांगलेल्या मांसात लगेच किडे पडत. पुढे उशीर झाल्यामुळे जहाज मादागास्करच्या बाहेरच्या बाजूने गेले. ताजे पाणी नाही, ताजे अन्न नाही. माणसांच्या हिरड्या इतक्या सुजत की त्या कापाव्या लागत. पाय सुजत, हातपाय हलेनासे होत. दीडशेहून अधिक प्रवासी आजारी पडले आणि सत्तावीस दगावले. इतर वेळच्या मानाने ही हानी थोडीच, अशी पुस्ती पत्रात आहे. एका पित्याने हे वाक्य कसे वाचले असेल!

हा रोग स्कर्व्ही. त्यावरील उपाय पेटीच्या एका कोपऱ्यात मावण्याजोगा होता. १६०१ साली इंग्रज कप्तान लँकेस्टर याने आपल्या जहाजावर लिंबाचा रस नेला, तेव्हा त्याचे खलाशी बरेच धडधाकट राहिले. जेम्स लिंड या वैद्याने संत्र्या-लिंबांचा गुण प्रयोगाने दाखविला तो १७४७ साली. तोवर किती तरुण समुद्रार्पण झाले, त्याची मोजदाद कोण करणार?

२४ ऑक्टोबरला स्टीफन्स यांनी गोवे गाठले. लिस्बनच्या पेटीत न मावणारी गोष्ट, म्हणजे येथली भाषा, त्यांनी येथेच मिळवली, आणि अशी मिळवली की जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे पुराण त्यांच्या लेखणीतून उतरले.

एका वस्तूची उणीव मात्र शेवटपर्यंत राहिली. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. खरे तर तो अॅबिसिनियाला नेण्यासाठी जहाजावर चढविला होता. पुढचा प्रवास घडला नाही आणि तो गोव्यातच राहिला. दुसऱ्याच देशासाठी बांधलेले सामान आपल्या कामी आले! पण त्याचे खिळे रोमन लिपीचे. देवनागरी खिळे पाडून मिळावेत म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला, संघाच्या प्रमुखांना, लिहिले. त्यानंतरही लिस्बनहून वर्षामागून वर्षे जहाजे येत राहिली. त्यांतून बिस्किटे आली, पुस्तके आली, नवे विद्यार्थी आले. ते खिळे आले नाहीत. १६१६ साली राशोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन अक्षरांत.