खेळत्या हवेचं माप

घर बघायला गेलेली आपली कुठलीही आत्या किंवा मावशी आधी एकच गोष्ट बघते: हवा खेळती आहे ना? हा शब्द छान आहे, पण इन्स्पेक्टरच्या काही कामाचा नाही. हवा किती खेळली म्हणजे घर पास? सिंगापूरमध्ये या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जवळजवळ एक शतक गेलं. पॉडकास्टच्या या भागात आपण शॉपहाउसबद्दल बोललो, इथे त्यातली फक्त हवेची गोष्ट.

शॉपहाउस म्हणजे खाली दुकान, वर बिऱ्हाड. दर्शनी बाजू अरुंद आणि घर आत लांबच लांब. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या, त्यामुळे खिडक्या पुढे आणि मागेच. कित्येक ठिकाणी मागच्या ओळीतली घरंही पाठीला पाठ लावून उभी, म्हणजे मागूनही हवा बंद. उरला तो मधला चौक. त्यात बंदरावर काम करायला आलेल्या मजुरांची गर्दी वाढली, तशा मालकांनी आणि मुख्य भाडेकरूंनी मजल्यांवर लाकडी फळ्या ठोकून खुराडी पाडली. त्यांना म्हणायचे क्युबिकल. मधल्या क्युबिकलला खिडकी असणं शक्यच नव्हतं. नकाशावर मात्र ती एक मोठी, दोन्हीकडून उघडी खोलीच दिसायची.

1906 मध्ये वसाहतीच्या सरकारने डॉ. डब्ल्यू. जे. सिम्पसन यांना पाचारण केलं. सिम्पसन आपल्याकडचेच म्हणायला हवेत, कारण ते आधी कलकत्त्याचे हेल्थ ऑफिसर होते आणि प्लेगवर त्यांनी ग्रंथ लिहिला होता. 1907 च्या अहवालात त्यांनी अंधाऱ्या, कोंदट घरांचा आणि क्षयाचा संबंध जोडला आणि उपाय सुचवला: घरांच्या दोन ओळींमध्ये मागची गल्ली काढा. पण गल्लीसाठी घरांचा मागचा भाग पाडायचा, तर भरपाई कोण देणार? काम रेंगाळलं. 1927 मध्ये सिंगापूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हाही गल्ल्यांचं काम शिल्लकच होतं.

'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' हे नाव मुंबईकरांना ओळखीचं वाटेल. 1896 मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. समुद्राची हवा दाट वस्तीत शिरावी म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढले. गंमत म्हणजे त्याच 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे प्लेगसाठी हवेचा उपाय चुकीच्या कारणावर उभा होता. क्षयासाठी मात्र तोच उपाय बरोबर होता, कारण क्षयाचे जंतू खरोखरच बंद खोलीतल्या हवेतून पसरतात.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी आणखी एक गोष्ट लावून धरली, ती म्हणजे 63.5 अंशांचा नियम. साध्या भाषेत सांगायचं तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मं अंतर तुमच्या खिडकीसमोर मोकळं हवं. हा नियम परिपूर्ण नव्हता. पण 'पुरेशी हवा' या शब्दावर अधिकारी आणि मालक हवा तेवढा वाद घालू शकतात. आकडा दिला की भाडेकरूच्या हातातही फूटपट्टी येते.

आज सिंगापूरमध्येही आकडा आहे. राहत्या खोलीला नैसर्गिक वायुवीजनासाठी तिच्या क्षेत्रफळाच्या निदान 5 टक्के उघडता येणारी जागा हवी. म्हणजे 10 चौरस मीटरच्या खोलीला अर्धा चौरस मीटर. भारताच्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये दमट-उष्ण हवामानासाठी क्षेत्रफळाचा एक षष्ठांश सांगितलाय, म्हणजे त्याच खोलीला सुमारे 1.67 चौरस मीटर. मग सिंगापूरचा नियम तिपटीने ढिला का? तसं थेट म्हणता येत नाही. भारतीय कोड खिडकीचं माप चौकटीसकट धरतो, सिंगापूरचा नियम उघडणारी जागा मोजतो. दोन तावदानांची सरकती खिडकी घ्या, ती उघडते निम्मीच. खिडकी तीच, पण कुठून कुठे मोजायचं यावर उत्तर बदलतं. घराच्या तपासणीत गोंधळ होतो तो बहुतेकदा इथेच.

शिवाय खिडकी मोजली तरी माणसं मोजायची राहतात. 1950 च्या दशकात बॅरिंग्टन के यांनी अपर नान्किन स्ट्रीटची घरोघर पाहणी केली, तेव्हाही अख्खी कुटुंबं एकेका क्युबिकलमध्ये राहत होती. सिम्पसनना जाऊन तोवर दोन दशकं उलटली होती. म्हणूनच आज खिडकीच्या नियमासोबत डोक्यांचाही नियम लागतो. खासगी घरात परस्परांशी नातं नसलेल्या भाडेकरूंची मर्यादा 2017 मध्ये 8 वरून 6 वर आणली गेली. 2024 पासून मोठ्या घरांसाठी ती तात्पुरती पुन्हा 8 केली आहे.

तुमच्यापैकी अनेकजण पहिल्या नोकरीच्या पगारात सिंगापूरला खोली शोधत असाल. हॉलमध्ये पार्टिशन घालून 'तयार केलेली' स्वस्त खोली दाखवली, तर एसी किती गार करतो हे विचारू नका. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. विचारायचं ते इतकंच: खिडकी थेट बाहेर उघडते का, किती उघडते, आणि ही भिंत मंजूर नकाशात आहे का?