खाडीला लावलेला दरवाजा

पनवेलच्या आसपासच्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला खारातल्या शेतीविषयी विचारले, तर तो भाताच्या आधी बांधाविषयी बोलू लागतो. याचे कारण इथल्या भूगोलात आहे. पूर्वेला माथेरानचा डोंगर, पश्चिमेला खाडी आणि मध्ये सखल पट्टी अशी पनवेलची रचना आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. डोंगरावरचे पाणी गाढी, काळुंद्री, कासाडी या नद्यांतून वेगाने खाली येते. त्याच वेळी खाडीतून भरतीचे पाणी वर चढत असते. ही दोन पाणी जिथे भेटतात, तिथली जमीन म्हणजे खार.

या खारात भात पिकवायचे, तर खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही आणि पावसाचे पाणी बाहेर जाऊ द्यायचे, अशा दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. त्यासाठी चिखल-मातीचा लांब बांध घालत आणि त्यात ठिकठिकाणी दरवाजे ठेवत. या दरवाजाला 'उघाडी' म्हणतात. तिची झडप खाडीच्या बाजूला, वरच्या कडेला टांगलेली असते. ओहोटीला खाडीची पातळी उतरली, की आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो, झडप बाहेर ढकलली जाते आणि पावसाचे पाणी निघून जाते. भरतीला बाहेरचा दाब वाढतो आणि तीच झडप घट्ट बसते. ही सारी करामत पाण्याच्या पातळीतल्या फरकाची आहे. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येत असल्यामुळे ही उघडझापही दिवसातून दोनदा होते.

आता भरती असताना मुसळधार पाऊस आला तर? दरवाजा बंद आणि आत पाणी वाढतेच आहे, अशी ती अवस्था. पण खाराच्या शेतात याची सोय होती. प्रत्येक खाचराला बांध असे आणि ओहोटी लागेपर्यंत चार-सहा तास पाणी शेतातच थांबून राही. काळा राता, भुरा राता यांसारखी खारटपणा सोसणारी भाते तिथे लावत. (पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने 'पनवेल' याच नावाच्या क्षारसहिष्णू जाती तयार केल्या.) माणसे मात्र खारात राहत नसत. गाव उंचवट्यावर, घर दगडी जोत्यावर, आणि पाण्याची जागा पाण्याला सोडलेली, अशी ही वाटणी होती.

या व्यवस्थेचा दुसरा अर्धा भाग तंत्राचा नसून कामाच्या वाटपाचा होता. मातीच्या बांधाला खेकडे बिळे पाडतात. बीळ वेळीच बुजवले नाही, तर बांधाला खांड पडते, आणि एकदा खारे पाणी शिरले, की पुढची काही वर्षे पीक हाती लागत नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री पद्धतीत बाहेरचा मोठा बांध राखणे शिलोत्रदाराकडे असे. त्यासाठी कुळे बिघ्याला एक मण भात देत. त्याला 'शिलोत्री मण' म्हणत. आतले बांध कुळे स्वतः राखीत. म्हणजे दुरुस्तीचा खर्च पिकातूनच दरवर्षी बाजूला निघत होता. पुढे १९४८ आणि १९७९ च्या खारजमीन कायद्यांनी ही जबाबदारी शासनाकडे येत गेली.

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, आणि मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. पनवेल तालुक्यात नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतला बराच भाग याच सखल पट्टीत आहे. जमीन संपादनाविरुद्ध शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानफाटा परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्याचा इतिहास मोठा आहे. आपल्या विषयापुरते एवढेच लक्षात घेऊ, की पिढ्यान्‌पिढ्या बांध राखणारी माणसे या काळात त्या बांधांपासून दूर झाली.

अभियंत्यांपुढे दोन मार्ग होते. सगळी जमीन भराव घालून भरतीच्या वर उचलायची, नाहीतर थोडा भराव घालून पाण्याला थांबायला जागा द्यायची. त्यांनी हॉलंडमधल्या पद्धतीप्रमाणे धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी झडपा बंद होतात, शहरातले पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला बाहेर पडते. वाचकांनी ओळखलेच असेल, की ही उघाडीच आहे. फरक इतकाच, की पूर्वी सगळे शेत तलावाचे काम करी. आता ते काम एका कोपऱ्यातल्या तलावावर आले.

आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊन हिशेब करू. १०० हेक्टरांची वसाहत आहे. भरतीच्या चार तासांत २०० मिलिमीटर पाऊस पडला. काँक्रीट आणि डांबर पाणी जिरू देत नाहीत, म्हणून जवळजवळ सगळे पाणी वाहणार असे धरू. ते २,००,००० घनमीटर होते. १० हेक्टरांचा, दोन मीटर खोल रिकामा तलाव ते बरोबर सामावून घेईल. आता त्यात एक मीटर गाळ साचला आहे असे समजा. मग १,००,००० घनमीटर पाणी उरलेल्या ९० हेक्टरांवर पसरेल. सरासरी उंची भरते सुमारे ११ सेंटिमीटर. पण पाणी सरासरीने पसरत नाही, ते सखल भागात गोळा होते. म्हणून कुणाच्या दारात काहीच नसते आणि कुणाच्या घरात गुडघाभर असते.

गाळ काढणे वाटते तितके सोपे नाही. गाळावर खारफुटी उगवते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ आणि २०१८ च्या आदेशांनी खारफुटीला संरक्षण दिले आहे, आणि ते योग्यच आहे. खारफुटी लाटांचा जोर मोडते, काठ धरून ठेवते. पण तलाव वर्षानुवर्षे साफ केला नाही म्हणून ती तिथे उगवली. दरवर्षीचे लहान काम टाळले, की काही वर्षांनी त्याचा पेच होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पनवेलमध्येही गाढीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा दुपारी मोठी भरती होती. पाऊस आणि भरती आपली वेळ ठरवून येत नाहीत. ती एकत्र येतील असे धरूनच शहर बांधावे लागते.

यात आणखी एक भर पडली आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. बाहेरचे पाणी जितके उंच, तितका वेळ झडप बंद राहणार आणि पाणी निघून जायला तितका वेळ कमी मिळणार. तलाव तोच, पण त्याच्यावरचे काम वाढले.

घरांच्या बाबतीतही असेच सावकाश बदल होतात. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो. रस्ता वर जातो आणि शेजारचे बैठे घर आहे तिथेच राहते. बांधताना दोन पायऱ्या वर असलेले जोते एक दिवस रस्त्याच्या पातळीला येते. यावरचे उपाय साधे आहेत. नवा थर देण्याआधी जुना खरवडून काढावा, विजेचे मीटर पुराच्या खुणेच्या वर बसवावेत, नव्या इमारतींत तळमजला राहण्यासाठी वापरू नये, आवाराचा काही भाग मातीचाच ठेवावा. मात्र आपल्या आवारात भराव घालून घेतला, तर पाणी शेजारच्या सखल घरात जाते. म्हणून याचा विचार एकेका घरापुरता करून चालत नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक उपक्रम जरूर द्यावा. कोकणात भरतीची अंदाजी वेळ काढण्याचा जुना ठोकताळा आहे : तिथीला पाऊणने गुणायचे. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. वर्तमानपत्रातल्या वेळेशी हे उत्तर ताडून पाहावे. मग पावसाळ्यापूर्वी शाळेच्या आणि आपापल्या घराच्या जोत्याची रस्त्यापासूनची उंची मोजून वहीत लिहावी, आणि पुढच्या वर्षी तीच पुन्हा मोजावी. शिलोत्री मण आता कुणी देत नाही. पण आपल्या वस्तीचा धारण तलाव कुठे आहे, त्यातला गाळ शेवटचा कधी काढला आणि पुढचा कोण काढणार, हे विचारणे त्या मणाइतकेच उपयोगाचे आहे.